सेकंडहँड गाडी घेतलीय, बटणं, दिवे, एअरबॅग वगैरे कुणीतरी नीट समजावून सांगा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतीच एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली, २०१९ चं मॉडेल, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. लायसन्स माझ्याकडे केव्हाचं आहे पण क्लासच्या गाडीत काय शिकवतात ते तुम्हाला माहितीच आहे, अर्धा क्लच, रिव्हर्स, आठचा आकडा आणि झालं, सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो त्यामुळे बाकी बटणांकडे बघायची वेळच येत नाही. आता मिस्टरांची बदली झालीय आणि नाशकात गाडी मीच चालवणार. आई डोंबिवलीला असते म्हणजे कसारा घाट आलाच, आणि पाऊस तोंडावर आलाय.

विकणाऱ्याने दोन चाव्यांतली एकच दिली आणि मॅन्युअल दिलंच नाही. जाहिरातीत लिहिलं होतं दोन एअरबॅग, एबीएस, रिअर डिफॉगर. हे सगळं आहे म्हणजे नक्की काय आहे आणि मी काय करायचं असतं? डॅशबोर्डवर चावी फिरवली की दिवाळी होते, त्यातले कुठले दिवे घाबरण्यासारखे ते पण सांगा. अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, हसू नका.

चौथागिअर

ताई कुणी हसणार नाही, दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यांना विचारा डिफॉगरचं बटण कुठलं, निम्मे लोक एसीचं दाखवतील.

पहिलं काम, कंपनीच्या साइटवर मॉडेल आणि वर्ष टाकलं की मॅन्युअल फुकट डाउनलोड होतं. सगळं वाचू नका, दिव्यांचं पान, फ्यूजचं पान आणि स्टेपनी-जॅक कुठे आहे ते पान एवढं वाचा.

दुसरं, गाडी बंद असताना पार्किंगमध्ये बसून हात बसवा. आपल्याकडच्या मारुती, ह्युंदाई, टाटा, होंडात इंडिकेटर-लाइटची दांडी उजव्या हाताला आणि वायपरची डाव्या. फोक्सवॅगन, स्कोडात बरोब्बर उलटं. दुसऱ्याची गाडी घेतली की वळताना वायपर फिरतो तो यामुळे. डोळे रस्त्यावर ठेवून वायपरचा स्पीड वाढवता आला पाहिजे, काचेवर पाणी मारता आलं पाहिजे, अप्पर-डिपर करता आला पाहिजे. ट्रकच्या मागून चिखलाचा फवारा आला की दांडी शोधायला वेळ नसतो.

आणि सीट! आपल्याकडे नवीन चालवणारे स्टिअरिंगला चिकटून बसतात, पुढे दिसावं म्हणून. पाठ पूर्ण टेकवून क्लच तळापर्यंत दाबा, गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग हात सरळ करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, खांदा सीटवरून न उचलता. दिसत नसेल तर सीटची उंची वाढवायचा लिव्हर असतो डाव्या किंवा उजव्या बाजूला, तो वापरा, पुढे सरकू नका. आरसे सीट लावून झाल्यावर लावायचे, आधी नाही.

पानावाला_सातारा

गॅरेज आहे माझं, दिव्यांचं मी सांगतो.

रंग बघायचा. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. निळा बहुतेक वेळा अप्परचा. काही गाड्यांत इंजिन थंड असताना निळा थर्मामीटर येतो, तो दोन-तीन मिनिटांत जातो.

लाल तेलाची झारी दिसली चालत्या गाडीत, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद. घरापर्यंत जाऊ, पुढच्या पंपापर्यंत जाऊ असलं काही नाही. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, ऑइलचं प्रेशर गेल्याचा असतो, तसंच चालवलं की इंजिन धरतं आणि मग बिल बघून माणूस धरतो :) लाल थर्मामीटर असेल तर थांबा, निवू द्या, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. हात भाजलेली गिऱ्हाइकं बघितलीयत.

लाल गोलात उद्गारचिन्ह म्हणजे ब्रेक. हँडब्रेक लावलेला असेल तर तोच दिवा लागतो म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. हँडब्रेक खाली असून वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकला तर ब्रेक ऑइल उतरलंय. नुसतं ओतून मोकळं व्हायचं नाही, ब्रेक पॅड झिजले की ऑइलची पातळी आपोआप खाली येते, त्यामुळे आधी पॅड बघायचे, मग लीक.

पिवळं इंजिनचं चित्र स्थिर असेल तर दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर इंजिन मिस होतंय, सावकाश जवळच्या गॅरेजला. पिवळ्यात एबीएस लिहिलेलं आलं तर साधा ब्रेक लागतो पण एबीएस काम करणार नाही.

आता ताई एक काम करा. चावी ऑनला घ्या, स्टार्ट मारू नका. सगळे दिवे लागले पाहिजेत आणि त्यातला एअरबॅगचा, म्हणजे बसलेला माणूस आणि समोर गोळा असं चित्र, तो लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. सेकंडहँड गाडीत हे आवर्जून बघायचं. काय होतं ते इथे लिहा.

शंकासुर

पानावालाशेठ मस्त माहिती. माझी शंका. आमच्याकडे एकजण ठासून सांगतात की बेल्ट नाही लावला तर एअरबॅग उघडतच नाही. दुसरे म्हणतात उघडते. खरं काय? आणि एअरबॅग असताना बेल्ट लागतोच कशाला, गादीच आहे ना समोर?

कॅज्युअल्टी_नाईट

हायवेजवळच्या हॉस्पिटलला काम करते म्हणून लिहितेय.

उघडते की नाही हे मॉडेलप्रमाणे बदलतं, पुष्कळ गाड्यांत बेल्ट नसतानाही उघडते. पण "उघडते ना, मग बास" असं नाही. ती गादी नाही. सेन्सरने धडक ओळखल्यापासून सेकंदाच्या साधारण विसाव्या-तिसाव्या भागात ती पूर्ण फुगलेली असते, पापणी लवायच्या आत, आणि लगेच मागच्या भोकांतून हवा सोडून मऊ पडायला लागते. बेल्टने तुम्हाला त्या क्षणापर्यंत मागे धरून ठेवायचं, मग तुम्ही मऊ पडणाऱ्या पिशवीवर टेकायचं, असा दोघांचा हिशोब आहे. बेल्ट नसेल तर ती फुगत असतानाच तुम्ही तिच्यावर जाऊन आदळता. स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलेलं असतं त्यातला पहिला एस म्हणजे पूरक. मुख्य बेल्ट आहे.

म्हणून चौथागिअर यांनी सांगितलेलं सीटचं गणित महत्त्वाचं. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत निदान २५ सेंटिमीटर, वीतभरापेक्षा थोडं जास्त. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. स्टिअरिंगच्या मधून हात घालून वळवायची सवय असेल तर मोडा, पिशवी उघडली तर तोच हात स्वतःच्या तोंडावर येतो.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा, ओढून घट्ट. गरोदर बायकांनी पोटाच्या खालून घ्यायचा, लावायचाच. सीट आडवी करून पाय पसरून झोपलेल्या बाजूच्या माणसाचा बेल्ट लावलेला असून नसल्यासारखा, तो खालून सरकतो. आणि डॅशबोर्डवर पाय ठेवून बसणं, कृपा करा.

हेडरेस्ट हा मान टेकायचा तक्क्या नाही. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या कडेला आली पाहिजे. मागून कुणी ठोकलं की डोकं मागे फेकलं जातं, हेडरेस्ट मानेपाशी असेल तर मान त्याच्यावरून मोडते.

मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा दोन आठवडे सगळे मागचे बेल्ट सीटखालून उकरून काढत होते, नंतर पुन्हा ते कव्हरखाली गेले. मागचा माणूस बांधलेला नसेल तर तो पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढे बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेला माणूस दोघांच्या मध्ये चिरडतो.

घाटवेडा

+१ कॅज्युअल्टी. बेल्टची टुंगटुंग बंद करायला ते नुसते बक्कल मिळतात ना, ते घालून वर मिरवणारे महाभाग आहेत. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांतून ते काढायला लावले. तरी रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीवाल्याकडे बघितलेत.

ताई, घाटाचं ऐका. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची नाही. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, दुसरा किंवा तिसरा, मग इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक अधूनमधून लागतो. सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो, पेडल दाबलं जातं पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं आणि पाणी मिसळलं की लवकर उकळतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. तुमची २०१९ ची गाडी आहे, आधीच्या मालकाने बदललंय याचा कागद नसेल तर घाटाआधी बदलूनच घ्या.

एबीएस. जोरात ब्रेक मारला की चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ते सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडतं-धरतं. पायाखाली पेडल थरथरतं, करकर आवाज येतो, आणि नवीन माणूस घाबरून पाय काढतो. पाय काढायचा नाही! पूर्ण दाब, क्लच पण दाब, आणि स्टिअरिंग फिरव. एबीएसचा मुख्य फायदा हाच की ब्रेक लावलेला असतानाही गाडी वळते. अंतर दरवेळी कमी होईलच असं नाही, खडीवर, वाळूवर उलट जास्त पण लागतं. एखाद्या रविवारी सकाळी मोकळं ओलं मैदान बघा, मागेपुढे कुणी नाही याची खात्री करा आणि ३०-४० च्या स्पीडला एकदा कचकन ब्रेक मारून ती थरथर पायाला कळू द्या. पहिली ओळख घाटात नको.

रिकामटेकडा

न्यूट्रलला उतरलं की पेट्रोल वाचतं हो, आमचे बाबा आयुष्यभर लोणावळा तसंच उतरले.

पानावाला_सातारा

बाबांची गाडी कार्ब्युरेटरची असणार. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो, चाकं इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर ब्रेक जळतात. आणि काही हुशार लोक उतारावर चावीच बंद करतात, त्यांना दंडवत. इंजिन बंद झालं की ब्रेकची व्हॅक्यूमची मदत एकदोन दाबांत संपते, पेडल टणक होतं, स्टिअरिंग जड होतं, चावी चुकून आणखी मागे गेली तर स्टिअरिंग लॉकच.

रिकामटेकडा

बरं बरं, बाबांना दाखवतो. मानणार नाहीत.

म्युनिकमावशी

वाचतेय. इथे जर्मनीत परीक्षेला गाडी हलवायच्या आधीच परीक्षक विचारतो, टायरची नक्षी किती उरली बघ, हा दिवा कशाचा, बॉनेट उघड, ऑइल दाखव. मी पुण्यात कित्येक वर्षं गाडी चालवून आलेली, पण पहिल्यांदा बॉनेट इथे उघडलं. गाडीत त्रिकोण, चमकणारं जॅकेट आणि प्रथमोपचार पेटी सक्तीची. जॅकेट आपल्याकडेही ठेवा हो, रात्री हायवेवर पंक्चर काढताना त्रिकोणापेक्षा तेच कामाला येतं.

लहान मुलांबद्दल. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसायची आपली पद्धत सगळ्यात वाईट. धडकेत पोराचं वजन कित्येक पटीने जाणवतं, हातात धरून ठेवणं कुणाच्याच ताकदीतलं नाही, आणि वर समोर एअरबॅग. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सचे लोखंडी हूक आहेत का ते बोटांनी चाचपा, असतील तर चाइल्ड सीट त्यातच बसते. पाठमोरी चाइल्ड सीट पुढे कधीही नाही, जोवर त्या बाजूची एअरबॅग चावीने बंद करता येत नाही तोवर. भारतात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर दंडही आहे, पण दंडासाठी कोण करतं म्हणा.

शंकासुर

अजून एक. पावसात काच धूसर होते तेव्हा एसी लावायचा की हीटर? दरवेळी घरात भांडण.

घाटवेडा

दोघंही बरोबर असू शकता. आधी काच आतून बोटाने पुसून बघा. पुसली गेली तर वाफ आतली. मग एसी चालू, हवा काचेकडे, आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. एसी हवेतलं पाणी काढून घेतो म्हणून तो चालू हवा, थंड पाहिजे असं नाही, तापमानाचा नॉब थोडा गरमकडे ठेवला तरी चालतं.

बोटाने पुसली जात नसेल तर वाफ बाहेरची. आपल्या पावसाळ्यात हे फार होतं, बाहेर दमट आणि तुम्ही एसी फुल थंड करून काचेवर सोडलेला, काच गार पडते आणि बाहेरून घाम येतो. वायपर मारा, हवा काचेवरून काढून पायाकडे घ्या, एसी कमी करा. मागच्या काचेला ज्या आडव्या तारा दिसतात तो डिफॉगर, बटणावर आयत आणि वर वळणाऱ्या तीन रेघा. मागची काच आतून पुसताना तारा आहेत त्याच दिशेने पुसा, खरवडल्या की गेल्या.

आणि धुक्यात इगतपुरीला अप्पर लावू नका, धुकं उजळतं आणि रस्ता दिसेनासा होतो. लो बीम. चारी इंडिकेटर लावून पावसात किंवा बोगद्यात पळणाऱ्यांना तर... समृद्धीच्या इगतपुरीच्या बोगद्यात, सुमारे आठ किलोमीटरचा आहे, निम्मी जनता हॅझर्ड लावून. लेन बदलणार का कळायचं कसं? हॅझर्ड थांबलेल्या गाडीसाठी.

कांदेनवमी

उशिरा आले. वाखुसा (वाचनखूण साठवली)!

एक अवांतर पण अवांतर नाही. डॅशबोर्डवरचा बाप्पा. डाव्या बाजूच्या एअरबॅगचं झाकण डॅशबोर्डच्या वरच्या पृष्ठभागातच असतं, बारीक अक्षरात एअरबॅग लिहिलेलं असतं, आणि आपण बरोब्बर त्याच्यावर डबल टेप लावून मूर्ती, अत्तराची बाटली, नारळ ठेवतो. झाकण उडालं की ते सगळं शेजारच्याच्या तोंडावर. आमच्याकडे सासूबाईंना हे सांगायची कुणाची हिंमत नव्हती. शेवटी मी म्हटलं मूर्तीची विटंबना होईल, तर दुसऱ्या मिनिटाला बाप्पा काढून मधल्या कप्प्यात मऊ फडक्यावर बसवला. तुमच्याकडे चालतंय का बघा.

साइड एअरबॅग असतील तर सीट कव्हरचंही तेच, सीटच्या कडेला शिवण उघडी ठेवलेलं कव्हर लागतं. आणि पुढे लोखंडी गार्ड बसवू नका, त्यावर २०१७ पासून बंदीच आहे, धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही.

गोदाकाठची

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. मॅन्युअल उतरवलं, सीट मागे घेतली (आधी खरंच चिकटून बसत होते), बेल्ट मागच्या सीटखालून काढले.

पानावालादादा, चावी ऑन केली. तेलाची झारी, बॅटरी, इंजिन, एबीएस सगळे लागले. एअरबॅगचा लागतच नाही. मॅन्युअलमध्ये चित्र बघून जागा पण शोधली, तिथे अंधार. दिवा नाही म्हणजे चांगलं ना?

पानावाला_सातारा

नाही ताई, हेच बघायला सांगितलं होतं. न लागणं हे लागून राहण्यापेक्षा वाईट. लागून राहिला तर गाडी स्वतः सांगतेय की एअरबॅगमध्ये बिघाड आहे. लागलाच नाही तर एक तर दिवा गेलाय, नाही तर कुणी मुद्दाम मारलाय. गाडी ठोकली जाते, एअरबॅग फुटतात, नवीन बसवायला खर्च बराच असतो, मग नुसतं कव्हर चिकटवून दिवा बंद करून गाडी विकतात. सगळेच तसं करत नाहीत पण करतात.

हॉर्न वाजतो का? स्टिअरिंगच्या आत एक गुंडाळलेली पट्टीची केबल असते, ती तुटली की हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग दोन्ही जातात. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, तिथे छत्र्या, चपला कोंबल्या की ते ढिले होतात. त्यांना हात लावू नका, ओढाओढी तर नकोच, आणि घरी कुणाला मल्टीमीटर लावू देऊ नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला स्कॅन करून घ्या. गाडी नंबरावर आधी काय काम झालंय तेही विचारा, इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मिळाला तर सोन्याहून पिवळं.

चौथागिअर

आणि तोवर कसारा नको ताई. आईला इकडे बोलवा, किंवा ट्रेनने जा.

गोदाकाठची

अपडेट. हॉर्न वाजत होता. स्कॅन केलं. ड्रायव्हरची एअरबॅग शाबूत आहे पण डावीकडची आधी फुटलेली, डॅशबोर्डचा तुकडा रंग मारून परत बसवलेला, जवळून बघितलं की रंगातला फरक दिसतो, आधी कसा दिसला नाही देव जाणे. मीटरच्या मागे दिव्यावर काळी चिकटपट्टी. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला आम्हीपण तशीच घेतली होती. मिस्टर ग्राहक मंचात जायचं म्हणतायत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट सुदैवाने ठेवलाय. नवी एअरबॅग आणि कंट्रोल युनिटचं कोटेशन मागवलंय. ब्रेक ऑइल बदललं, ते काळं झालं होतं.

कॅज्युअल्टी_नाईट

पट्टी?! कमाल आहे. दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांनी मागे बसा, बेल्ट लावून.

पानावाला_सातारा

स्क्रीनशॉट, व्यवहाराचे व्हॉट्सॲप मेसेज आणि सर्व्हिस सेंटरचा स्कॅन रिपोर्ट सही-शिक्क्यानिशी घ्या. पट्टीचा फोटो ती काढायच्या आधीचा आहे ना?

गोदाकाठची

हो, मेकॅनिकनेच काढून ठेवला. त्याला म्हणे हे नवीन नाही.

नवशिका_ठाणेकर

ताईंचं वाचून खाली जाऊन माझी तपासून आलो, माझा लागून विझतो, हुश्श. पण चावीच फिरत नव्हती, दहा मिनिटं घाम गाळला, स्टिअरिंग पण अडकलेलं. वॉचमन म्हणाला गाडी बिघडली. काय करायचं?

पानावाला_सातारा

काही बिघडलं नाही. स्टिअरिंग लॉक आहे ते. ज्या बाजूला थोडं हलतं त्या बाजूला स्टिअरिंग दाबून धरा आणि त्याच वेळी चावी हलकेच फिरवा. जोर लावू नका, चावी आत तुटली तर मग खरंच माझ्याकडे यावं लागेल.